चित्रांतील अक्षरें पुसणें व बदलणें

मोर्शीच्या बाजारांतून एक फेरी मारावी आणि डोक्यावरील फलक वाचीत जावें. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शिकवणीवर्गाचा निकाल, बीबियाण्यांच्या दुकानाची जाहिरात, नव्या पदाधिकाऱ्यांचें अभिनंदन, असे नाना प्रकारचे फ्लेक्स नजरेस पडतात. थोडें निरखून पाहिल्यास ध्यानांत येतें कीं, यांतील कित्येकांची पार्श्वभूमि एकच आहे. तोच उगवता सूर्य, तीच सोनेरी महिरप, तीच संत्र्यांनीं लगडलेली डहाळी. चित्र जुनें, अक्षरें तेवढीं नवीं. हें पाहून आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात कीं, चित्रावर उमटलेलें अक्षर पुसतात कसें, आणि तें पुसल्यावर त्याच्या खालचें चित्र परत येतें कोठून?

प्रश्न चांगला आहे. पण त्याच्या दुसऱ्या भागांत एक चुकीची समजूत दडलेली आहे. तेवढी दूर झाली कीं विषयाचें अर्धें आकलन झालें असें समजावें. अक्षराच्या खालीं चित्र असतें, ही ती समजूत. फळ्यावर खडूनें लिहिलें असतां अक्षराखालीं फळा असतो, तो पुसल्यावर दिसतो. संगणकांतील तयार छायाचित्राचें तसें नाहीं. तें छायाचित्र म्हणजे अतिसूक्ष्म रंगीत चौकटींची जाळी होय. या चौकटींस पिक्सेल म्हणतात. साध्या मोबाइलनें काढलेलें चार हजार पिक्सेल रुंद व तीन हजार पिक्सेल उंच असें चित्र घेतलें, तर त्यांत १ कोटी २० लाख पिक्सेल भरतात. प्रत्येक पिक्सेलसाठीं तीन अंक नोंदलेले असतात: तांबड्याचा, हिरव्याचा व निळ्याचा. प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असूं शकतो. म्हणून एका पिक्सेलला सुमारें १ कोटी ६७ लाख रंगांपैकीं कोणताहि रंग घेतां येतो. बस्स, चित्राची सारी संपत्ति एवढीच! जेथें अक्षर आहे तेथें अक्षराच्या रंगाचे अंक आहेत आणि पूर्वींचे अंक नाहींसे झालेले आहेत. संगणकाला तें अक्षर आहे हेंहि ठाऊक नसतें. त्याच्या लेखीं "मो" हा कांहीं काळ्या पिक्सेलांचा पुंजका आहे, दुसरें कांहीं नाहीं.

तेव्हां असल्या चित्रांतून अक्षर काढणें म्हणजे झांकलेलें उघडें करणें नव्हे. जें नष्ट झालें त्याच्या जागीं शोभेल असें दुसरें कांहींतरी तयार करून भरणें होय. आमच्या मतें या कलेंतील सर्व कौशल्य आणि सर्व धोका या एका गोष्टींत सांठविलेला आहे.

मग तो फ्लेक्सवाला पांच मिनिटांत नांव कसें बदलतो? त्याच्याजवळ तयार चित्र नसतें, चित्राची मूळ फाइल असते. तींत पार्श्वभूमि एका पारदर्शक पटावर, मनुष्याचें छायाचित्र दुसऱ्यावर, नांव तिसऱ्यावर, असे एकावर एक थर ठेवलेले असतात. यांस लेयर म्हणतात. थॉमस नोल व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनीं रचलेलें फोटोशॉप १९९० सालीं विक्रीस आलें, तेव्हां त्यांत लेयरची सोय नव्हती. ती १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत आली. जोंपर्यंत फाइल थरांची आहे, तोंपर्यंत नांवाच्या थरावर जाऊन नवें नांव टंकलिखित करावें, काम संपलें. परंतु हेंच चित्र जे-पेग या रूपांत एकदां साठविलें म्हणजे सारे थर वितळून एक होतात. व्हॉट्सअॅपवरून आपणांकडे येतें तें हें वितळलेलें चित्र होय. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, पुसण्याच्या खटाटोपास लागण्यापूर्वीं ज्यानें चित्र बनविलें त्याच्याकडे मूळ फाइल मागावी. बहुधा मिळते; आणि मिळाली तर पुढील निम्मा लेख वाचण्याचें कारण उरत नाहीं.

हा भेद संगणकानें जन्मास घातला असें मात्र नव्हे. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या छायाचित्रांवर कोपऱ्यांत पांढरीं बारीक अक्षरें व क्रमांक दिसतात. तीं कागदावर लिहिलेलीं नसत, तर कांचेच्या निगेटिव्हवर शाईनें उलटीं लिहिलेलीं असत. शाई प्रकाश अडवी, म्हणून कागदावर तेवढी जागा पांढरी राही. अशी शाई पुसून टाकली तर खालचें चित्र जसेंच्या तसें हातीं लागे. कारण शाई वरची व चित्र खालचें. उलट एखाद्यानें तीं अक्षरें सुईनें कोरलीं असतील, तर कांचेवरील लेपच खरवडला जाई व कागदावर अक्षरें काळीं उमटत. तेथील चित्र कायमचें गेलें. पहिला प्रकार थरांच्या फाइलीचा, दुसरा वितळलेल्या चित्राचा. शिळाछापाच्या काळींहि रंगागणिक वेगळा दगड असे. देवादिकांच्या एकाच चित्राखालीं आज एका दुकानाचें, उद्यां दुसऱ्याचें नांव छापावयाचें झालें, तर बाकीचे दगड तसेच राहात व अक्षरांचा दगड तेवढा बदले.

आतां मूळ फाइल नाहीं, वितळलेलें चित्रच हातांत आहे असें धरूं. अशा वेळीं अक्षर कोणतें आहे याला फारसें महत्त्व नसतें. अक्षराच्या आसपास काय आहे यावर सर्व अवलंबून असतें. आमच्याच परिसरांतील चार चित्रें घेऊन पाहूं. समजा, जुन्या कॅमेऱ्यानें काढलेल्या छायाचित्रांच्या कोपऱ्यांत नारिंगी रंगाचे तारखेचे आंकडे पडले आहेत व ते काढावयाचे आहेत.

पहिलें चित्र निरभ्र आकाशाचें. आंकड्यांभोंवतीं निळा रंग आहे आणि तो वरून खालीं किंचित् फिकट होत जातो. येथें शेजारचा एकच रंग घेऊन आंकड्यांवर फासला, तर डाग दिसेल. कारण डोळ्याला एकसारख्या पटांतील अगदीं बारीक फरकहि टोंचतो. म्हणून त्याच उंचीवरील आकाशाचा तुकडा उचलून आंकड्यांवर बसवावा. 'क्लोन स्टँप' नांवाचें हत्यार हेंच करतें. एका जागेवरून नमुना घ्यावा, दुसऱ्या जागीं उमटवावा. सोपें काम आहे.

दुसरें चित्र सिंभोऱ्याच्या धरणाचें, म्हणजे आपल्या नळ-दमयंती सागराचें. आंकडे पाण्यावर आहेत. पाण्याला लाटांचा पोत आहे आणि उन्हाप्रमाणें बदलणारी चमकहि आहे. दुसरीकडचें पाणी उचलून येथें ठेवलें तर पोत जुळतो, उजेड जुळत नाहीं. यावरील उपाय म्हणजे 'हीलिंग ब्रश'. तो फोटोशॉपांत २००२ सालीं आला. त्याची युक्ति मोठी चतुर आहे. तो नमुन्याच्या जागेवरून केवळ पोत घेतो, आणि रंग व उजेड मात्र ज्या जागीं लावावयाचा तिच्या कडेवरून घेतो. दोहोंचें मिश्रण असें होतें कीं सांधा दिसत नाहीं. चेहऱ्यावरील पुटकुळ्या काढण्यासाठीं छायाचित्रकार हेंच हत्यार वापरतात.

तिसरें चित्र संत्र्याच्या बागेचें. आंकडे दाट पानांवर आले आहेत. नवशिक्यास हें सर्वांत कठीण वाटतें. वस्तुतः हें सर्वांत क्षमाशील असतें. पानांच्या गर्दींत एक पान कमी आहे कीं जास्त, हें कोणी मोजीत नाहीं. काळजी एवढीच घ्यावी कीं तेंच पान, तेंच फळ दोनदां शेजारीं शेजारीं उमटूं नये. डोळा गर्दी क्षमा करतो, पुनरावृत्ति करीत नाहीं.

चौथें चित्र सालबर्डीच्या यात्रेंतील मंडळींचें, आणि आंकडे एका मुलाच्या हातावर व सदऱ्याच्या चौकड्यांवर आलेले आहेत. येथें खरी परीक्षा. चौकड्याच्या रेषा पुढें नेमक्या कोठें मिळाव्यात, बोटें किती व कशीं वळलेलीं असावींत, हें आसपासच्या रंगांवरून निघत नाहीं. तें कापड व हात म्हणजे काय हें जाणणाऱ्यानेंच ठरवावें लागतें. रेषा असतील तेथें प्रथम रेषा हातानें जोडून घ्याव्या व मग मधली जागा भरावी. अक्षर चेहऱ्यावर असेल तर आमचा सल्ला असा कीं, तें तसेंच राहूं द्यावें किंवा चित्राची कड कापून तेवढा भाग वगळावा. संगणकानें बनविलेला डोळा त्या मुलाचा डोळा नव्हे.

सर्व प्रकारांत लागू पडणारी एक बारकाई सांगून ठेवतों. जे-पेग ही पद्धति १९९२ सालीं प्रमाण ठरली. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून त्यांतील तपशील संक्षेपानें साठविते. ठळक अक्षराच्या कडेला या संक्षेपामुळें एक मळकट प्रभा पसरते. डोळ्यांस ती सहसा दिसत नाहीं, पण अक्षर तेवढें नेमकें कापून काढल्यास मागें भूतासारखी त्याची छाया राहते. म्हणून पुसावयाचा भाग निवडतांना अक्षराच्या कडेबाहेर दोनचार पिक्सेल अधिक घ्यावे.

हातानें करावयाचें हें काम यंत्रानें आपण होऊन करावें, यासाठीं विद्वानांनीं बरेच परिश्रम केले आहेत. जुन्या तैलचित्रांचे उडालेले रंग भरून काढण्याच्या चित्रकारी धंद्याला इंग्रजींत 'इनपेंटिंग' म्हणतात. २००० सालीं बेर्ताल्मियो, सापिरो, कासेलेस व बायेस्तेर या चौघांनीं तोच शब्द संगणकासाठीं घेतला. त्यांनीं दाखविलेल्या नमुन्यांपैकीं एक तर अगदीं आपल्या विषयाचाच होता: चित्रावर ओळीच्या ओळी मजकूर छापलेला, आणि तो सारा नाहींसा केलेला. जेथें उजेडाची एखादी रेषा अक्षराच्या कडेपाशीं येऊन तुटते, तेथून ती त्याच दिशेनें आंत वाढवीत न्यावी, असें त्यांचें तत्त्व. बारीक अक्षरांस तें उत्तम लागू पडतें. रुंद अक्षरांच्या जागीं मात्र धुकें पसरल्यासारखें दिसतें, कारण रेषा वाढतात पण पोत निर्माण होत नाहीं. पुढें चित्राच्याच इतर भागांतून मिळतेजुळते लहान तुकडे शोधून ते जागीं बसविण्याच्या पद्धति निघाल्या. हे तुकडे झपाट्यानें शोधण्याची युक्ति २००९ सालीं प्रसिद्ध झाली आणि २०१० सालीं फोटोशॉपांत 'कंटेंट-अवेअर फिल' या नांवानें आली. गिम्प नांवाचें जें विनामूल्य सॉफ्टवेअर १९९६ पासून उपलब्ध आहे, त्याला 'रीसिंथेसायझर' ही जोड लावली असतां जवळजवळ हेंच काम होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं गिम्पवरच हात बसवावा. पैसा लागत नाहीं, आणि चोरलेलें सॉफ्टवेअर वापरण्याचा प्रसंग येत नाहीं. २०२३ पासून फोटोशॉपांत कृत्रिम बुद्धिमत्तेनें जागा भरण्याचीहि सोय झाली आहे. ती इतर असंख्य चित्रांच्या अनुभवावरून येथें काय असावें याचा तर्क करते. तर्क सुंदर असतो. तो खरा असतो असें नाहीं.

पुसणें झालें, आतां लिहिणें. पुष्कळांना वाटतें कीं कठीण भाग संपला. आमचा अनुभव उलट आहे. पुसलेली जागा कोणी पाहात नाहीं, लिहिलेलें अक्षर प्रत्येक जण वाचतो. नवें अक्षर जुन्याच्या शेजारीं बसवावयाचें तर त्याचें वळण, जाडी, उंची, रंग हीं तर जुळलींच पाहिजेत. शिवाय त्याचा धूसरपणाहि जुळला पाहिजे. छायाचित्रांतील कोणतेंहि अक्षर पूर्ण रेखीव नसतें. भिंगामुळें त्याची कड थोडी विरलेली असते, त्यांत चित्राचा रवा मिसळलेला असतो, आणि पाटी तिरपी असेल तर अक्षरहि तिरपें व दूरच्या टोंकास लहान झालेलें असतें. काळें म्हणून जें आपण म्हणतों तें उन्हांत गडद करडें असतें. नुकतें टंकिलेलें शुद्ध काळें, तीक्ष्ण कडेचें अक्षर त्या चित्रांत उपऱ्यासारखें उभें राहतें. म्हणून नव्या थरावर अक्षर लिहावें, शेजारच्या अक्षराचा रंग उचलून त्यास द्यावा, पाटीच्या कलाप्रमाणें तें वांकवावें, आणि शेवटीं अगदीं किंचित् धूसर करावें.

पाटी रंगाऱ्यानें हातानें रंगविलेली असेल, तर तिच्या वळणाचा फॉण्ट मिळणार नाहीं. शोधण्यांत वेळ घालवूं नये. अशा वेळीं चित्रांतूनच अक्षरें उसनीं घ्यावीं. समजा, जुन्या निमंत्रणपत्रिकेवरील २०२४ चे २०२५ करावयाचे आहेत आणि खालच्या ओळींत "सायंकाळीं ५ वाजतां" असें छापलेलें आहे. तो ५ उचलावा, मापांत आणावा, आणि ४ च्या जागीं बसवावा. त्याच हातचा, त्याच शाईचा व त्याच कागदावरचा आंकडा मिळाल्यावर दुसरें काय हवें?

देवनागरीच्या बाबतींत मात्र इंग्रजी पुस्तकांतील उपदेश अपुरा पडतो. रोमन अक्षरें सुटीं असतात. एक काढलें तर शेजारच्यास धक्का लागत नाहीं. आमचीं अक्षरें शिरोरेषेला टांगलेलीं. मधलें एक अक्षर काढलें कीं रेषा तुटते, आणि नवें घातलें कीं सांध्यापाशीं जाडी एका केसाइतकी जरी कमीजास्त झाली तरी लगेच दिसून येतें. म्हणून देवनागरींत एक अक्षर बदलण्यापेक्षां सबंध शब्द बदलावा; शब्दांमध्यें रेषा आपोआपच तुटलेली असते, तेथें सांधा लपविण्याचें कारण नाहीं.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनानंतर येते, पण लिहिण्यांत आधीं. रफाराचा उच्चार अक्षरापूर्वीं, पण जागा त्याच्या डोक्यावर. आमच्या गांवाच्या नांवांतच तो बसला आहे! ही हलवाहलव सॉफ्टवेअरनें करावी लागते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या ती करीत नसत, म्हणून "मोर्शी" लिहूं जातां "मोर्‌शी" असें पाय मोडलेलें रूप उमटे. त्या काळीं आमच्या छापखान्यांनीं श्रीलिपि वगैरे फॉण्टांनीं काम भागविलें. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचें हें श्रीलिपि घरोघर पोंचलें. त्यांत अक्षरांचे सुटे तुकडे रोमन कळांवर बसविलेले असत. दिसावयास उत्तम, पण फॉण्ट बदलला कीं मजकुराचा गोंधळ. पुढच्या आवृत्त्यांत परिच्छेदाच्या खिडकींत 'वर्ल्ड-रेडी' रचना निवडली असतां युनिकोड मराठी नीट जुळूं लागलें. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' व 'बालू' हे फॉण्ट विनामूल्य मिळतात, आणि शाळेच्या कामास ते पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट खास मराठीची आहे. हिंदी वळणाच्या फॉण्टांत ल व श यांचीं रूपें वेगळीं असतात, आणि "दुसऱ्या", "शेतकऱ्यांचा" यांतील ऱ्या पुष्कळदा बिघडून "र्या" होतो. "दऱ्या" म्हणजे डोंगरांतील घळी व "दर्या" म्हणजे समुद्र. तेव्हां हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाहीं. लिहून झाल्यावर शब्द मोठ्यानें वाचून पाहावा. चित्रें निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून देवनागरी लिहून घेणाऱ्यांनीं तर दोनदां वाचावा. तीं साधनें देवनागरीसारख्या दिसणाऱ्या पण कोणत्याच भाषेंत नसणाऱ्या ओळी कित्येकदां मोठ्या डौलानें लिहून देतात.

येथवर आम्हीं कसें करावें तें सांगितलें. कोठें करूं नये हें सांगणेंहि शिक्षकाचें काम आहे, आणि त्यासाठीं घरांतीलच उदाहरण घेतों. जुन्या वर्गचित्रांत पुढच्या रांगेंतील मुलगा मांडीवर पाटी घेऊन बसलेला असतो व पाटीवर खडूनें इयत्ता आणि सन लिहिलेला असतो. पाण्यानें, वाळवीनें किंवा बुरशीनें नेमका त्याच जागीं डाग पडलेला असावा हें दुर्दैव पुष्कळ वेळां पाहावयास मिळतें. असें चित्र मासिकांत छापण्यासाठीं स्वच्छ करतांना आकाशावरचा, भिंतीवरचा डाग काढावा; त्यांत कोणाची हानि नाहीं. परंतु पाटीवरील सन अस्पष्ट आहे म्हणून तर्कानें आंकडे लिहिणें आम्हांस मान्य नाहीं. दहा वर्षांनीं कोणाचा तरी नातू तें चित्र पाहील आणि पाटीवरील आंकड्यास साक्ष मानील. तर्क करावयाचा असेल तो चित्राच्या खालीं, छापील ओळींत, "बहुधा" हा शब्द घालून करावा. चित्राच्या आंत करूं नये. आणि चित्राची मूळ प्रत न पुसतां वेगळी ठेवावी. सर्व काम तिच्या नकलेवर.

लेख खोडून त्यावर लेख लिहिणें फार जुनें आहे. प्राचीन ताम्रपटांत असे पत्रे सांपडतात कीं ज्यांवरील मूळ अक्षरें हातोडीनें ठोकून सपाट केलीं व त्यावर नवीं कोरलीं. तिरप्या उजेडांत जुन्याच्या खुणा अंधुक दिसतात. आमच्या तालुक्यांतील ऋद्धपूर महानुभावांचें तीर्थ म्हणून सर्वांस ठाऊक आहे, आणि मराठी भाषा विद्यापीठामुळें तें नव्यानें गाजत आहे. तेथेंच वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट मिळाला. तो तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या १९ व्या वर्षींचा आहे. ताम्रपट म्हणजे जमिनीच्या दानाचा दस्तऐवज. आजच्या भाषेंत मालकीचा कागद. अर्थात् खोटे ताम्रपट बनविण्याचा मोह तेव्हांहि होता. आमच्या उत्तरेस मुलताईकडे तिवरखेड येथें नन्नराज नांवाच्या राष्ट्रकूट राजाचा एक ताम्रपट मिळाला. त्यावर शक ५५३ असा काल आहे. त्याच राजाचा अकोला जिल्ह्यांतील सांगळूदचा ताम्रपट शक ६१५ चा व मुलताईचा शक ६३१ चा. पहिला व शेवटला यांत ७८ वर्षांचें अंतर! महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तिवरखेडचा ताम्रपट बनावट ठरविला. ज्यानें तो कोरला त्याचें अक्षर वाईट नसेल. त्याला आंकडा भोंवला.

या असल्या फसवणुकीवर जुन्यांनीं उपाय योजला होता. ताम्रपटाच्या पत्र्यांना भोंक पाडून त्यांतून कडी ओंवीत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवीत. मधला पत्रा बदलावयाचा तर मुद्रा फोडावी लागे. आजची डिजिटल स्वाक्षरी हीच मुद्रा होय. दस्तऐवजांतील सर्व अक्षरांवरून गणितानें एक संख्या काढतात व ती गुप्त किल्लीनें मुद्रांकित करतात. मागाहून एक अक्षर, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी संख्या जुळत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळतात. गुणपत्रिका व प्रमाणपत्रें २०१५ सालीं सुरू झालेल्या डिजीलॉकरमध्यें थेट देणाऱ्या संस्थेकडून येऊं शकतात. पालकांनीं यांतील एक मर्म नीट ध्यानांत घ्यावें: मुद्रा फाइलीला असते, तिच्या छायाचित्राला नसते. सातबाऱ्याचा मोबाइलवर आलेला फोटो कितीहि स्पष्ट असला, तरी त्यांतील क्षेत्राचा वा नांवाचा आंकडा-अक्षर आम्हीं वर वर्णिलेल्या रीतीनें अर्ध्या तासांत बदलतां येतें. जमिनीचा सौदा, पीककर्जाला जामीन, मुलीच्या स्थळाची शैक्षणिक पात्रता, नोकरीचें नेमणूकपत्र, यांपैकीं कोणतेंहि काम फोटोवर विसंबून करूं नये. उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर तपासावा. आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता आपल्या हातानें टंकावा. कागदावरील क्यूआर चौकोन जेथें नेईल तेथें जाऊं नये, कारण तो चौकोनहि चित्रच आहे, आणि चित्र बदलतां येतें.

कांहीं विद्यार्थ्यांना गंमत म्हणून गुणपत्रिकेच्या फोटोंतील ४३ चे ७३ करून घरीं दाखवावेसे वाटतात. त्यांच्या माहितीसाठीं कायदा सांगतों. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें ३३६ वें कलम बनावट दस्तऐवज करण्याविषयीं आहे. त्यांत कागदाबरोबर इलेक्ट्रॉनिक अभिलेखहि येतो. साधी शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. फसवणुकीसाठीं केलें असल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड. असा दस्तऐवज खरा म्हणून वापरणें ३४० व्या कलमाखालीं येतें. प्रवेशासाठीं वा शिष्यवृत्तीसाठीं असा कागद पुढें करणें म्हणजे गंमत नव्हे. दुसऱ्या छायाचित्रकाराच्या चित्रावरील त्याचें नांव पुसून आपलें घालणें, हाहि अपराधच समजावा. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्राच्या कर्त्याला नांवाचा हक्क देतो.

निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक प्रकार वाढतो. वृत्तवाहिनीची किंवा वर्तमानपत्राची ओळखीची चौकट घ्यावयाची, आंतील मथळा पुसावयाचा, आणि पुढाऱ्याच्या तोंडीं भलतेंच वाक्य घालावयाचें. रंग तेच, बोधचिन्ह तेंच, म्हणून वाचणारा विश्वास ठेवतो व पुढें धाडतो. असलें चित्र आलें असतां प्रथम मथळ्याचें वळण त्याच वाहिनीच्या खऱ्या मथळ्याशीं ताडून पाहावें. घाईनें काम करणारा जो फॉण्ट हाताशीं असेल तो वापरतो. अक्षरांमागची पट्टी आसपासच्या मानानें अति स्वच्छ आहे काय, तेंहि पाहावें, कारण नव्यानें भरलेल्या जागेंत चित्राचा रवा नसतो. चित्र पुष्कळ हातांतून फिरून आलें असेल तर संक्षेपावर संक्षेप होऊन ह्या खुणा बुजून जातात. मग त्या वाहिनीच्या अथवा पत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती बातमी शोधावी. आणि शेतकऱ्यांविषयींच्या मथळ्यांत "शेतकर्यांना" असें छापलेलें दिसलें, कीं तेथें थांबून चित्र पुन्हां एकदां पाहावें.